‘हेलिकॉप्टरमध्ये बसला’: एका कँटोनीज वाक्प्रचाराचा अर्थ, आणि त्याला द्यायचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचा एक तरुण नोकरीनिमित्त हाँगकाँगला गेला. रुजू झाल्यापासून १४ महिन्यांत त्याला बढती मिळाली, तीही मधली एक श्रेणी ओलांडून. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना नऊ वर्षं त्याच विभागात असलेल्या एक ज्येष्ठ सहकारी त्याच्याकडे बघून हसत म्हणाल्या, ‘छो चिक् सिंग् केय’, आणि शेवटी ‘वो’ असं काहीसं. सगळं टेबल हसलं. त्याने नंतर शब्दकोश पाहिला तर अर्थ निघाला ‘हेलिकॉप्टरमध्ये बसणे, भराभर बढती मिळणे’. तो विचारतो: ताई, हे कौतुक होतं की टोमणा? आणि मी तेव्हा नुसता हसलो, ते बरोबर केलं का?

मी २४ वर्षं हाँगकाँगमध्ये कँटोनीज, म्हणजे इथे बोलली जाणारी चिनी भाषा, हिची दुभाषी म्हणून काम करते आहे. तुमच्यासारख्या नव्याने आलेल्या लोकांना बोली कँटोनीज शिकवतेही. या एका वाक्प्रचारावर मला इतक्या वेळा विचारणा झाली आहे की एकदा नीट बसून लिहायचंच होतं.

शब्दकोशाने दिलेला अर्थ खोटा नाही, पण त्याने बोट चुकीच्या शब्दावर ठेवलं आहे. ‘भराभर’ हा या वाक्प्रचाराचा गाभा नव्हे. यात मोजला जातो तो वेग नाही, गाळलेल्या पायऱ्या मोजल्या जातात. आणि सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘हेलिकॉप्टर’ हा नसून सुरुवातीचा ‘छो’ आहे. छो म्हणजे बसणे. हेलिकॉप्टरमध्ये जो बसतो तो उडवत नाही. उडवणारा दुसराच कुणी असतो. एवढं लक्षात आलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

आता शब्द सुटे करून बघू. ‘केय’ म्हणजे यंत्र. विमानाला ‘फेय केय’ म्हणतात, उडणारं यंत्र. हेलिकॉप्टर म्हणजे ‘चिक् सिंग् केय’, सरळ वर चढणारं यंत्र: ‘चिक्’ सरळ, ‘सिंग्’ वर चढणे. आणि बढती मिळणे याला कँटोनीजमध्ये म्हणतात ‘सिंग् चिक्’. यातला ‘सिंग्’ तोच, वर चढणे. ‘चिक्’ मात्र वेगळा शब्द आहे, त्याचा अर्थ पद, आणि त्याचा सूरही वेगळा, उंच. म्हणजे बढतीचे दोन ध्वनी उलटे करून हेलिकॉप्टरच्या पोटात ठेवल्यासारखे झाले. कुणी मुद्दाम जुळवलं असो वा नसो, ऐकणाऱ्याच्या कानाला ते जाणवतं, आणि म्हणूनच हा वाक्प्रचार ऑफिसात इतका पक्का बसला असं मला वाटतं.

विमान का नाही, हेलिकॉप्टरच का? विमानाला धावपट्टी लागते. हाँगकाँगच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. जुलै १९९८ पर्यंत इथला विमानतळ शहराच्या कुशीत, काय ताकला होता, बंदराच्या पाण्यात लांबच लांब शिरलेली त्याची धावपट्टी होती आणि काउलूनच्या गच्च्यांवरून विमानं अगदी खालून जायची. विमान धावतं, वेग घेतं, मग उठतं, हे लोकांनी रोज पाहिलेलं. त्याउलट शेउंग वानच्या मकाव फेरी टर्मिनलच्या छतावरून मकावला जाणारं हेलिकॉप्टर बघा. ते जागच्या जागी उचललं जातं, वळतं, आणि साधारण पाव तासात मकावला पोचतं. खाली फेरीच्या रांगेत उभी असलेली माणसं मान वर करून बघत असतात. हा वाक्प्रचार त्या रांगेतल्या माणसाच्या जागेवरून बोलला जातो. हे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते, कारण पुढचा सगळा प्रश्न ‘कोण कुठे उभं राहून बोलतंय’ याचाच आहे.

उच्चाराबद्दल थोडं, कारण मराठी माणसाला इथे जो फायदा आहे तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. कँटोनीज शिकताना तुमच्या हातात रोमन लिपीतली जी पद्धत येईल ती बहुधा ‘ज्युटपिंग’ असेल, १९९३ मध्ये हाँगकाँगच्या भाषाशास्त्र संस्थेने आणलेली. त्यात ‘केय’ हा शब्द ‘जी’ या रोमन अक्षराने सुरू होतो, म्हणून आपली मुलं ‘गेय’ वाचतात. तसं नाही. कँटोनीजमध्ये ग, द, ब हे घोष ध्वनीच नाहीत. तिथला भेद क आणि ख, त आणि थ, प आणि फ असा आहे, जो आपल्याला आईच्या मांडीवर मिळालेला असतो. इंग्रज माणसाला तो महिनोन्‌महिने घोटावा लागतो. तसाच आपला ‘चोर’, ‘चूल’मधला दंत्य च. कँटोनीजचा च त्याच घरातला. ‘छो’ म्हणताना चोरातला च घ्या आणि त्यात ह मिसळा. ‘चिक्’मधला शेवटचा क् सोडायचा नाही, घशात अडवून तिथेच थांबायचं.

आणि सूर. कँटोनीजमध्ये सहा सूर धरतात. या चार अक्षरांचे सूर ऐका: ‘छो’ खालच्या पट्टीत सुरू होऊन किंचित वर उचलला जातो. ‘चिक्’ खालीच, तुटक. मग ‘सिंग्’ आणि ‘केय’ दोन्ही एकदम वरच्या पट्टीत, सपाट, ताणलेले. मी वर्गात हे हाताने दाखवते: हात टेबलालगत, किंचित उचलला, पुन्हा टेबलालगत, आणि मग एकदम खांद्याच्या उंचीवर स्थिर. मधली पट्टी या वाक्प्रचारात लागतच नाही. जमिनीवरून थेट वर. मला ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली तेव्हा मी एकटीच घरात दहा-बारा वेळा मोठ्याने म्हणत बसले होते.

आता ज्या प्रसंगाने मला याचा खरा अर्थ शिकवला तो सांगते. माझ्या कामाची चार-पाच वर्षं झाली असतील. एका कंपनीत तक्रारीच्या सुनावणीला दुभाषी म्हणून गेले होते. मालवाहतुकीच्या गोदामात ११ वर्षं काम केलेली एक बाई समोर होती. तिच्यानंतर बऱ्याच वर्षांनी आलेली एक मुलगी तिच्यावरची पर्यवेक्षक झाली होती. व्यवस्थापक परदेशी, त्याला कँटोनीज येत नव्हतं. बाई फार कमी बोलत होती. विचारल्यावर तिने एकच वाक्य उच्चारलं, ‘ती छो चिक् सिंग् केय’. मी शब्दकोशातला अर्थ दिला: ‘तिला खूप लवकर बढती मिळाली.’

व्यवस्थापक खूश झाला. म्हणाला, हो, आमच्याकडे गुणी माणसं लवकर पुढे जातात, आम्हाला त्याचा अभिमान आहे. मी तेही इमानाने उलट्या दिशेने पोचवलं. बाई गप्पच झाली. नंतरच्या वीस मिनिटांत ती ‘हो’ आणि ‘नाही’ याशिवाय काही बोलली नाही.

मधल्या सुट्टीत पाण्याच्या यंत्रापाशी तिने मला गाठलं. रागावलेली नव्हती, थकलेली होती. म्हणाली, ‘मी लवकर असं म्हटलंच नाही. ती बसली असं म्हटलं.’ आणि तळहात आडवा धरून तिने तो सरळ वर नेला, मग दुसऱ्या हाताची बोटं पायऱ्या चढावीत तशी एकेक पुढे टाकून दाखवली. त्या दुसऱ्या हाताकडे बघत म्हणाली, ‘ही मी.’

तिच्या वाक्यात तक्रार होती. कुणीतरी त्या मुलीला उचलून वर ठेवलं, मधल्या पायऱ्या तिला चढाव्या लागल्या नाहीत, आणि त्या पायऱ्यांवर मी उभी होते. मी ‘लवकर’ म्हणून त्यातला कर्ताच पुसून टाकला होता. कुणी उचललं हा प्रश्नच माझ्या भाषांतरात उरला नाही, तर व्यवस्थापक तो विचारणार कसा? सुनावणी पुन्हा सुरू झाली तेव्हा मी आधी माझी चूक नोंदवायला लावली आणि वाक्य नव्याने सांगितलं. मग पहिला प्रश्न आला तो: ‘शिफारस कोणी केली होती?’ निकाल काय लागला तो सांगायचा मला अधिकार नाही. पण त्या दिवसापासून मी वाक्प्रचार ऐकला की आधी क्रियापद शोधते. चढणं, चालणं, बसणं, टाकलं जाणं. उंची सगळीकडे सारखीच असते, फरक क्रियापदात असतो.

तुमच्या बाबतीत आता तीन गोष्टी बघायच्या: कोण बोललं, कुणासमोर बोललं, आणि शेपटीला काय लावलं.

तुमच्या पाठीमागे, तिसऱ्या माणसाशी बोलताना हा वाक्प्रचार जवळजवळ नेहमी तक्रार असतो. निदान भुवई तरी उंचावलेली असते. त्याच्या आसपास तुम्हाला आणखी शब्द ऐकू येतील. ‘यउ यन् चिउ च्यू’, म्हणजे कुणीतरी त्याच्यावर उजेड धरून आहे, पाठीशी आहे. किंवा ‘छात् हाय’, बूट पॉलिश करणे, म्हणजे साहेबाची हांजी हांजी. किंवा ती सुंदर म्हण, ‘सिक् यन् होउ क्वो सिक् ची’: माणसं ओळखणं हे अक्षरं ओळखण्यापेक्षा बरं. हे शब्द शेजारी असतील तर संशयाला जागाच नाही.

तोंडावर, चारचौघांत, हसत म्हटलं तर मात्र गोष्ट बदलते. हाँगकाँगच्या ऑफिसात खरोखरचा राग असा जेवणाच्या टेबलावर वाढत नाहीत. तोंडावर म्हणणारा माणूस तुम्हाला सांगत असतो की मी हे पाहिलंय, आणि मी ते पाहिल्याचं तुला कळू देतोय. हे एका अर्थी जवळिकीचं लक्षण आहे. पण त्यात पायऱ्यांचा हिशेब असतोच. तो निघून जात नाही.

आणि शेपूट. कँटोनीज वाक्याच्या शेवटी येणारे ते एकाक्षरी शब्द वाक्याचा सगळा भाव ठरवतात, आणि मराठी माणसाला ते समजावायला मला फार आवडतं, कारण आपल्याकडे त्यांच्या जोड्या तयार आहेत. तुम्ही ऐकलेला ‘वो’ दोन सुरांत येतो. खालून वर जाणारा ‘वो’ म्हणजे आपला ‘म्हणे’. ‘हेलिकॉप्टरमध्ये बसला म्हणे.’ बोलणारा जबाबदारी घेत नाही, ऐकलेलं पुढे सरकवतो. यासाठी आपल्याला एक शब्द पुरतो, तसा त्यांनाही. मधल्या पट्टीतला, सपाट ‘वो’ म्हणजे आपला ‘की’. ‘हेलिकॉप्टरच की!’ नजरेला काहीतरी वेगळं पडलं, त्याची नोंद, थोडं आश्चर्य. याशिवाय उंच ‘लो’ आहे, तो आपल्या ‘मग काय’सारखा: ‘हेलिकॉप्टर, मग काय!’ म्हणजे हे असंच चालायचं, उघड आहे, बोलून काय उपयोग. तुम्हाला तो ऐकू आला असता तर मी काळजी करायला सांगितली असती.

तुमच्या तोंडावर, तुमच्याचबद्दल ‘म्हणे’ कुणी म्हणणार नाही. म्हणून तुम्ही ऐकलेला ‘वो’ हा सपाट ‘वो’ असणार. माझा निष्कर्ष: त्या बाई म्हणाल्या, ‘अरे वा, हा तर हेलिकॉप्टरनेच गेला की!’ टोमणा म्हणून त्या बोलल्या नाहीत, आणि निखळ कौतुकही ते नव्हे. त्यांनी सगळ्यांच्या मनात असलेली गोष्ट सगळ्यांसमोर हसून बोलून टाकली, आणि तुमच्या दृष्टीने ते बरंच झालं. मात्र तुम्ही लिहिलंय की त्या नऊ वर्षं त्या विभागात आहेत आणि तुम्ही जी श्रेणी ओलांडली त्याच श्रेणीत आहेत. म्हणजे तुम्ही गाळलेली पायरी त्याच. वाक्य त्यांच्या तोंडून आलं याला महत्त्व आहे.

यश आणि बढतीचे बाकीचे शब्द शेजारी ठेवले की हा शब्द आणखी स्पष्ट होतो. सगळे सांगत नाही, जे ऑफिसात कानावर पडतात तेवढेच.

‘हुंग् कोंग्’ म्हणजे आकाशातून उतरणे, पॅराशूटने. बाहेरून आणून थेट वरच्या खुर्चीत बसवलेला माणूस. हेलिकॉप्टर खालून वर जातं, पॅराशूट बाहेरून खाली येतं. हेलिकॉप्टरवाला आपल्यातलाच असतो, कालपर्यंत शेजारी बसून जेवणारा. म्हणूनच त्याच्याबद्दल जास्त बोललं जातं. हे दोन शब्द भाषांतरात एकमेकांत मिसळलेले मी बऱ्याचदा पाहते, आणि त्याने अर्थाचा अनर्थ होतो.

‘स्योंग् वई’ म्हणजे जागेवर चढणे, प्रकाशात येणे. यात तुमची स्वतःची धडपड आहे, कधी कधी दुसऱ्याला पायाखाली घेऊन केलेलीही.

याच्या थेट उलट ‘हुंग् फू ची’, लाल विजार. चिनी ऑपेराच्या तालमीत शिकणारी, कोलांट्या उड्या मारणारी पोरं लाल विजारी घालत. त्यावरून अगदी खालच्या पायरीपासून, अंगमेहनतीने वर आलेल्या माणसाला ‘लाल विजारीतून आलेला’ म्हणतात. हाँगकाँगच्या सिनेमाधंद्यात हा शब्द फार मानाचा आहे. जॅकी चॅन, सामो हुंग, युएन बियाओ हे तिघेही लहानपणी हाँगकाँगमधल्या एकाच पेकिंग ऑपेराच्या शाळेत घडले, मग स्टंट करत करत पडद्यावर आले. आज हा शब्द स्वयंपाकघरात भांडी घासण्यापासून सुरुवात केलेल्या मुख्य आचाऱ्याबद्दल, शिपायापासून अधिकारी झालेल्या पोलिसाबद्दलही वापरतात. कुणी तुमच्या साहेबांना ‘हुंग् फू ची’ म्हटलं तर मान तुकवा, तो सन्मान आहे.

मग लेखी, भारदस्त शब्द. ‘फू यिउ चिक् स्योंग्’, वावटळीवर स्वार होऊन सरळ वर. याचं मूळ प्राचीन चिनी तत्त्वज्ञ च्वांगत्सूच्या ग्रंथातल्या पहिल्याच प्रकरणात आहे. तिथला फंग नावाचा प्रचंड पक्षी वावटळीच्या आधाराने नव्वद हजार ली (अंतराचं जुनं चिनी माप) उंच जातो, आणि एक सिकाडा, म्हणजे झाडावरचा किरकिरणारा किडा, आणि एक छोटं कबूतर त्याला हसतात, कशाला एवढं उंच जायचं म्हणून. हा शब्द आता वर्तमानपत्रांत घरांच्या किमतींना जास्त लागतो.

‘फिंग् पोउ छिंग् वन्’ मात्र तुमच्या कानावर पडेलच, निरोपसमारंभाच्या कार्डावर तर नक्की. सपाट जमिनीवरून चालावं तसं चालत निळ्या ढगांत. हा शुभेच्छेचा शब्द आहे, यात काटा नाही. यातले निळे ढग कुठून आले ती गोष्ट मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. इतिहासकार स्स-मा च्येन याने लिहून ठेवली आहे. प्राचीन चीनमधल्या वेई राज्यात फान च्यू नावाचा गरीब, हुशार माणूस शू च्या नावाच्या अधिकाऱ्याच्या पदरी होता. परदेशच्या दौऱ्यात तिथल्या राजाने फान च्यूला भेट पाठवली, शू च्याला संशय आला की याने राज्याची गुपितं विकली, आणि त्याने परत आल्यावर वरती कळवलं. फान च्यूला बरगड्या मोडेपर्यंत, दात पडेपर्यंत मारलं, चटईत गुंडाळून शौचकूपात टाकलं. त्याने मेल्याचं सोंग घेतलं, निसटला, नाव बदललं आणि छिन राज्यात पोचला. इसवी सनपूर्व २६६ मध्ये तो तिथला प्रधान झाला.

पुढे शू च्या वकील म्हणून छिनला आला. फान च्यू फाटक्या कपड्यांत त्याला भेटायला गेला. शू च्याला दया आली, त्याने त्याला जेवू घातलं आणि अंगावर घालायला एक जाड रेशमी झगा दिला. नंतर प्रधानाच्या दारात उभं राहिल्यावर त्याला कळलं की तो फाटका माणूसच प्रधान आहे. तो गुडघ्यांवर सरकत आत गेला आणि म्हणाला, तुम्ही स्वतःच्या बळावर निळ्या ढगांच्याही वर पोचाल असं मला वाटलं नव्हतं. त्या एका झग्यासाठी फान च्यूने त्याला जीवदान दिलं.

‘स्वतःच्या बळावर’ हे शब्द त्या मूळ वाक्यात आहेत. ढगांपर्यंतचा प्रवास तोच, फान च्यूचा तर कितीतरी मोठा, पण तिथे माणूस चालत जातो. हेलिकॉप्टरमध्ये तो बसतो. दोन हजार वर्षांनीही भाषा हा फरक विसरलेली नाही.

चीनच्या मुख्य भूमीवर मंडारिनमध्ये, म्हणजे तिथल्या प्रमाण चिनी भाषेत, ‘रॉकेटवर बसला’ असंही म्हणतात. तिथे तो शब्द जरा जपून वापरा. वांग होंगवन हा शांघायच्या १७ नंबरच्या सूतगिरणीत सुरक्षा विभागात काम करणारा माणूस माओच्या सांस्कृतिक क्रांतीच्या लाटेवर १९७३ मध्ये, चाळिशीही गाठली नसताना, कम्युनिस्ट पक्षाचा उपाध्यक्ष झाला आणि ऑक्टोबर १९७६ मध्ये अटकेत गेला. जुन्या पिढीच्या माणसाला रॉकेट म्हटलं की ती वर्षं आठवू शकतात.

आणखी एक पुरावा देते. चिनी नववर्षाला ऑफिसात ज्या शुभेच्छा देतात त्या ऐका. ‘सिंग् चिक् का सन्’: बढती मिळो, पगार वाढो. आणि ‘पोउ पोउ कोउ सिंग्’: पावलापावलाने उंच चढत जा. नववर्षाला ‘निन् कोउ’ नावाचा चिकट तांदळाचा गोड पदार्थ खातात तोही याचसाठी, त्यातला ‘कोउ’ आणि उंच या अर्थाचा ‘कोउ’ ऐकायला हुबेहूब एक आहेत. पावलापावलाने. हेलिकॉप्टरमध्ये बसायला मिळो असं नववर्षाला कुणी कुणाला म्हटलेलं मी इतक्या वर्षांत ऐकलं नाही.

मराठीत याला काय म्हणावं? ‘रातोरात मोठा झाला’ चालणार नाही, त्यात पुन्हा नुसता वेग येतो, आणि त्याला लॉटरीचा वास आहे. ‘वशिल्याचं तट्टू’ तर अजिबात नको. तो आरोप झाला, त्यात माणूस नालायक आहे हे गृहीत धरलेलं आहे. हेलिकॉप्टरमध्ये बसलेला माणूस लायक असू शकतो. बहुतेक वेळा असतोही. तक्रार त्याच्या लायकीबद्दल नसते, पायऱ्यांबद्दल असते. आपल्याकडे सगळ्यात जवळचं आहे ते ‘थेट वर नेऊन बसवलाय त्याला’. बघा, बसणं आलं, नेणारा अदृश्य पण हजर, मधल्या पायऱ्या गायब, आणि माणसाच्या गुणांबद्दल एक शब्द नाही. मी आता सुनावण्यांमध्ये इंग्रजीत भाषांतर करतानाही मनात आधी हे मराठी वाक्य म्हणते, मग तोंड उघडते.

आता तुमचं उत्तर. नुसतं हसलात ते चुकलं नाही, पण अपुरं पडलं. हाँगकाँगमध्ये अशा वेळी ‘माझ्या मेहनतीचं फळ’ असं म्हणायचं नाही, कारण त्याने तुम्ही पायऱ्यांचा हिशेब नाकारता. ‘छे छे, मी कुठे लायक’ असंही ताणायचं नाही, कारण मग ज्यांनी तुम्हाला वर घेतलं त्यांचा निर्णय तुम्हीच खोडता. तिथे एक छोटं वाक्य तयार आहे: ‘होउ छॉय चे’. नशीब हो, दुसरं काय. शेवटचा ‘चे’ म्हणजे ‘एवढंच’. गोष्ट छोटी करून खाली ठेवणारा शब्द. तो उंच सुरात म्हणायचा, पण लांबवायचा नाही. लांबवला की लाडिक वाटतो.

आणि खायला घाला. आपल्याकडे बढती कळली की पहिला प्रश्न ‘पेढे कुठेत?’ तिथे ‘छेंग् सिक् फान्’, जेवण दे. तुम्ही अजून काही दिलं नाही असं तुमच्या पत्रावरून दिसतं. मोठ्या जेवणाचा घाट घालू नका, तो साहेब लोकांचा मान. दुपारचा चहा द्या. इथे त्या वेळेला ‘साम् तिम् साम्’ म्हणतात. शब्दशः ‘तीनवर तीन’, म्हणजे घड्याळाच्या तोंडावरची पाच-पाच मिनिटांची तीन घरं, सव्वातीन. ऑफिसखालच्या बेकरीतून ‘तान् थात्’, अंड्याच्या कस्टर्डच्या त्या छोट्या वाट्या, एक-दोन डझन आणा आणि दुधाचा चहा मागवा. स्वतः वाटा, शिपायाच्या हाती देऊ नका.

पहिला खोका त्या बाईंच्या टेबलावर घेऊन जा. त्यांचं वाक्य तेव्हा पुन्हा काढू नका. त्याऐवजी कामातलं काहीतरी खरोखर विचारा, नऊ वर्षांत त्यांना जे माहीत झालंय आणि तुम्हाला १४ महिन्यांत कळणं शक्य नाही असं. तुमच्या नव्या पदावर तशा गोष्टी पहिल्याच आठवड्यात दहा निघाल्या असतील. तान् थात् गरम असतानाच खातात, म्हणून सव्वातीनच्या आधी दहा मिनिटं खाली उतरा.